जपानी अमलाखालचे फिलिपिन्स (१९४१–४५) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या काळावरचे वाचन हाती घेतले की अमेरिकी सेनापती मॅकआर्थर, जपानी सेनापती यामाशिता आणि लढायांचे नकाशे यांतच बरीचशी पाने संपतात. फिलिपिनो माणसे या वर्षांना ‘पानाहोन न्ग हापोन’, म्हणजे जपान्यांचा काळ, म्हणतात. त्या काळाच्या घरगुती आठवणी निघाल्या की सुरुवात बहुतेक वेळा तांदळापासून होते. खालची उत्तरेही जमेल तिथे तांदळाकडूनच सुरू केली आहेत.

हल्ला ७ डिसेंबरला झाला की ८ डिसेंबरला?

फिलिपिन्समध्ये ८ डिसेंबर १९४१, सोमवार. हवाई बेटे आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे असल्याने तिथे अजून ७ तारीख होती. पर्ल हार्बरची बातमी मनिलात पहाटेच पोचली होती, तरी दुपारी साडेबाराच्या सुमारास क्लार्क या हवाई तळावरची अमेरिकी विमाने जमिनीवरच सापडली.

तारखांइतकाच घोळ वेळेचाही आहे. ताबा घेतल्यावर जपान्यांनी फिलिपिन्सची घड्याळे टोकियोच्या वेळेला लावली, म्हणजे तासभर पुढे. त्यामुळे एकाच घटनेची वेळ दोन कागदपत्रांत एका तासाने वेगळी दिसली, तर दोन्ही बरोबर असू शकतात.

बातानमधली अमेरिकी-फिलिपिनो फौज कशामुळे हरली? शस्त्रे कमी पडली का?

शस्त्रे जुनी होतीच, पण फौज मोडली ती उपासमारीने आणि हिवतापाने.

मूळ योजनेप्रमाणे शत्रू उतरला की फौजेने बातान द्वीपकल्पात मागे सरायचे होते आणि तिथे ४३,००० माणसांना सहा महिने पुरेल एवढा साठा आधीच करून ठेवायचा होता. मॅकआर्थरने ही योजना बदलली. शत्रूला किनाऱ्यावरच अडवायचे ठरले आणि साठे पुढच्या डेपोंकडे गेले. २२ डिसेंबरला जपानी सेनापती होम्माची चौदावी आर्मी लिंगायेनच्या आखातात उतरली, किनाऱ्यावरचा बचाव टिकला नाही आणि आठवड्याभरात जुन्याच योजनेकडे परतावे लागले. तोवर साठे भलतीकडे होते, रस्ते गर्दीने तुंबले होते आणि गाड्या कमी होत्या.

त्यात नियम आडवा आला. एका प्रांतातला तांदूळ दुसऱ्या प्रांतात न्यायला सरकारची बंदी होती आणि युद्ध सुरू झाल्यावरही ती उठवली गेली नाही. कबानातुआनच्या सरकारी कोठारात प्रचंड तांदूळ पडून होता, त्यातला दाणाही बातानला पोचला नाही. तार्लाकमध्ये एका जपानी मालकीच्या कंपनीच्या गोदामात डबाबंद अन्नाच्या २,००० पेट्या होत्या. त्या उचलायची परवानगीही वरून नाकारली गेली.

जानेवारीच्या सुरुवातीला मोजदाद झाली ती १ लाख माणसांच्या हिशेबाने : डबाबंद मांस-मासळी ५० दिवसांची, डब्यातले दूध ४० दिवसांचे, पीठ आणि डबाबंद भाज्या ३० दिवसांच्या, तांदूळ फक्त २० दिवसांचा. ज्या फौजेत बहुसंख्य फिलिपिनो होते, तिच्याकडे नेमका तांदूळच सर्वांत कमी होता. बातानमध्ये सुमारे ८०,००० सैनिक आणि त्यांच्यामागे आलेले सुमारे २६,००० नागरिक अडकले होते. ५ जानेवारीपासून शिधा निम्मा झाला, म्हणजे माणशी २,००० कॅलरी. मार्चमध्ये तो १,००० वर आला. घोडदळाचे घोडे कापून खाल्ले गेले. क्विनाइन संपत आले तसा हिवताप खंदकांतून पसरला. ९ एप्रिल १९४२ रोजी मेजर जनरल एडवर्ड किंग यांनी शरणागती दिली, तेव्हा यातल्या कित्येकांना बंदूक उचलून चालवत नव्हते.

डेथ मार्चचा रस्ता नेमका कोणता?

दक्षिण टोकाचे मारिवेलेस आणि पश्चिम किनाऱ्यावरचे बागाक, अशा दोन ठिकाणांहून शरण आलेल्या कैद्यांच्या पायी रांगा निघाल्या. बालांगा गावी त्या एकत्र आल्या. पुढे ओरानी आणि लुबाओवरून पांपांगा प्रांतातले सान फर्नांडो. मारिवेलेसहून हे अंतर सुमारे १०५ किलोमीटर भरते. सान फर्नांडोला कैद्यांना मालगाडीच्या बंद डब्यांत उभे कोंबले, एकेका डब्यात शंभरावर माणसे. कापासला उतरवल्यावर ओ’डोनेलच्या छावणीपर्यंत आणखी सुमारे १३ किलोमीटर चाल.

जपान्यांचा अंदाज २५,००० ते ४०,००० कैद्यांचा होता, हाती आले ७५,००० च्या आसपास. ट्रक आणि अन्न त्या अंदाजावर बेतलेले होते आणि कैदी आधीच उपाशी होते. पण एवढ्यावर सगळे ढकलता येत नाही. रस्त्याकडेच्या विहिरीकडे वळलेल्या माणसाला संगिनीने भोसकणे ही काही व्यवस्थेतली चूक नव्हे. पांतिंगान नदीकाठी शरण आलेल्या शेकडो फिलिपिनो अधिकाऱ्यांना हात बांधून ठार मारले गेले, तेही मोजून-ठरवून.

वाटेत मेलेल्यांचे अंदाज ५,००० ते १०,००० फिलिपिनो आणि ५०० ते ६५० अमेरिकी असे आहेत. छावणीत पोचल्यावर याहून जास्त माणसे गेली : सुमारे १,५०० अमेरिकी आणि किमान २०,००० फिलिपिनो. हगवण, हिवताप आणि मोजक्या नळांपुढे पाण्यासाठी तासन्‌तास रांगा ही त्याची कारणे. रस्त्याच्या कडेला उभे राहून केळीच्या पानात बांधलेला भात, गूळ आणि पाणी कैद्यांकडे फेकणारे गावकरी होते. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, काहींनी जीव गमावला. हे ज्या वर्णनात नसेल, ते अपुरे समजावे.

शहरात लोक काय खात होते?

१९४२ मध्ये निभावले, १९४३ मध्ये ओढाताण झाली आणि १९४४ मध्ये उपासमार आली. भाताची जागा पेजेने घेतली (तिकडे तिला लुगाव म्हणतात), मग पेजेत मका आणि रताळे आले, पुढे नुसते रताळे आणि कसावाचा कंद. नाळीची भाजी, नारळ आणि जे उगवेल ते. कसावा नीट सोलून, शिजवून खाल्ला नाही तर त्यातले विष बाधते, आणि घाईत शिजवणाऱ्यांना ते बाधलेही. भाजलेला मका किंवा तांदूळ कुटून कॉफी होई. मोकळ्या जागा, अंगणे आणि रस्त्याच्या कडा खणून भाज्या लावायचे सरकारी हुकूम होते.

तांदूळ गेला कुठे? लष्कर भाताची उचल करत होते. खेड्यांकडून शहराकडे येणारी वाहने पेट्रोलअभावी थांबली होती. मोटारी कोळशाच्या गॅसवर किंवा उसाच्या अल्कोहोलवर चालत, बाकी घोडागाडी. रस्त्यांवर गनिमी (जपान्यांशी लपूनछपून लढणारे लोक) आणि चौक्या, दोन्हींची भीती. फुकटात जाईल म्हणून शेतकरीही भात लपवून ठेवी. तैवानातून आणलेले होराय भाताचे वाण फिलिपिन्समध्ये अपेक्षेइतके पिकले नाही. नेग्रोसमधल्या उसाच्या जमिनी कापसाखाली घेण्याची जपानी योजना तर साफ फसली : ऊसही गेला, कापूसही आला नाही. नोव्हेंबर १९४३ च्या वादळ-पुराने उरलेसुरले बिघडवले.

‘मिकी माऊस मनी’ म्हणजे काय?

जपानी सैन्याने आणलेल्या पेसोच्या नोटा. त्यांच्यामागे सोने, चांदी किंवा बँक यांपैकी काही नव्हते. सैन्याला माल हवा की नोटा छापायच्या, एवढाच हिशेब. लोकांनी त्यांना हे खेळण्यातल्या पैशाचे नाव दिले.

१९४२ च्या मालिकेत १, ५, १० आणि ५० सेंताव्हो आणि १, ५, १० पेसो होते. १९४३ च्या पेसोच्या नोटांवर मनिलातले रिझाल स्मारक आले. मग १०० ची नोट निघाली, ५०० ची निघाली आणि १९४५ मध्ये १,००० ची. नव्या नोटांवरचे हे वाढते आकडे पाहिले तरी महागाईचा आलेख समजतो. तांदळाचे माप कवान, म्हणजे ७५ लिटर, वजनात ५५-५६ किलोच्या आसपास. युद्धापूर्वी मोजक्या पेसोंना मिळणाऱ्या एका कवानला १९४४ च्या अखेरीस हजारो पेसो पडू लागले. बाजाराला जाताना बायोंगभर (ताडपत्राची विणलेली पिशवी) नोटा न्यायच्या आणि येताना खिशात मावेल एवढा माल आणायचा, हे त्या काळचे बोलणे प्रसिद्ध आहे. अमेरिकेनेही या नोटांची नक्कल छापून गनिमांकडे पोचवली.

दुसरीकडे गनिमी भागांत आणीबाणीच्या नोटा होत्या. पनाय, नेग्रोस, बोहोल, मिंडानाओ अशा ठिकाणी स्थानिक चलन मंडळांनी मिळेल त्या कागदावर त्या छापल्या, कुठे लाकडी ठोकळ्यांनी तर कुठे टंकलेखन यंत्राने. त्या बाळगताना सापडले तर जपान्यांकडून छळ किंवा मृत्यू ठरलेला. तरी लोकांनी त्या बांबूच्या पोकळीत, जमिनीखाली जपल्या, कारण युद्धानंतर त्या वटतील असा भरवसा होता. तो काही अंशी खरा ठरला.

माझ्याकडे अशी नोट आहे. ओळखायची कशी? किंमत किती?

वरच्या बाजूला ‘द जपानीज गव्हर्नमेंट’ हे इंग्रजी शब्द पाहा. मग ठळक छापलेली गट-अक्षरे पाहा. १९४२ च्या मालिकेत पहिले अक्षर प्रदेश सांगते : ‘पी’ फिलिपिन्स, ‘एम’ मलाया, ‘बी’ ब्रह्मदेश, ‘एस’ डच ईस्ट इंडीज, ‘ओ’ ओशनिया. रुपयांतली आणि ‘बी’ अक्षराची नोट ब्रह्मदेशासाठीची आहे. ती भारतासाठी किंवा आझाद हिंदसाठी छापलेली म्हणून मुंबई-पुण्याच्या नाणे प्रदर्शनांत कोणी विकत असेल तर घेऊ नका.

या नोटा कोट्यवधींनी छापल्या गेल्या, त्यामुळे बहुतेक अगदी स्वस्त आहेत. मागच्या बाजूला ‘जॅपवॅनकॅप’ असा रबरी शिक्का असेल तर तो युद्धानंतरचा. जपानी नोटांची भरपाई मागणाऱ्या फिलिपिनो संघटनेने सभासदांच्या नोटांवर तो मारला होता. भरपाई कोणालाच मिळाली नाही.

‘झोना’ काय प्रकार होता?

पहाटे गाव किंवा वस्ती वेढायची, पुरुषांना चर्चमध्ये किंवा शाळेत कोंडायचे आणि एकेकाला खबऱ्यासमोरून चालवायचे. खबऱ्याच्या डोक्यावर बायोंग उलटी घातलेली असे, डोळ्यांपुरती भोके पाडलेली. तो बोलत नसे, फक्त मान हलवी. मान हलली की माणूस केंपेताईच्या, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांच्या, ताब्यात, मनिलात असेल तर बहुधा फोर्ट सान्तियागोच्या कोठडीत. खबऱ्याला लोक इंग्रजीतच ‘मॅजिक आय’ म्हणत. जुनी भांडणे, जमिनीचे वाद आणि उसनवाऱ्याही या मानेच्या हालचालीत मिटवल्या गेल्या. गावागावांत युद्धानंतरही जे वैर उरले, त्याचे एक मूळ इथे आहे.

गनिमांना शस्त्रे आणि संपर्क कुठून मिळत?

सुरुवातीला कुठूनच नाही. शरण न गेलेल्या सैनिकांच्या रायफली, गावठी हत्यारे आणि मोजकी काडतुसे. मिंडानाओत वेंडेल फर्टिग यांच्या माणसांनी पडद्यांच्या पितळी सळया कापून गोळ्या केल्या, माडीपासून अल्कोहोल काढून वाहने चालवली, जुने रेडिओ आणि सिनेमागृहातल्या ध्वनियंत्रांचे भाग जोडून संदेशयंत्र उभे केले. पनायमध्ये मकारियो पेराल्ता, लेतेमध्ये रुपेर्तो कांगलिओन यांच्या फौजा होत्या. जानेवारी १९४३ मध्ये वैमानिक हेसुस व्हियामोर पाणबुडीने नेग्रोसला उतरले. त्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या मॅकआर्थरच्या मुख्यालयाशी धागा पक्का झाला आणि नार्व्हाल, नॉटिलस या मोठ्या पाणबुड्यांतून कार्बाइन, हिवतापाची औषधे आणि रेडिओ येऊ लागले.

लढाईपेक्षा त्यांचे मोठे काम होते माहिती देणे : कोणते जहाज कुठल्या सामुद्रधुनीतून गेले, कुठे किती सैन्य उतरले. बाईमाणसांनी हे फार केले, कारण चौकीवर त्यांची झडती कमी होई. गर्ल स्काउट्स संघटना उभारणाऱ्या होसेफा यानेस एस्कोदा कैद्यांना अन्न-औषधे आणि निरोप पोचवत. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि त्या परत आल्या नाहीत. होसेफिना गेरेरो यांना कुष्ठरोग होता. सैनिक जवळ येत नसत, म्हणून त्या अंगाला चिकटवून सुरुंगक्षेत्राचा नकाशा घेऊन गेल्या.

सगळेच गनिमी सज्जन होते असे मात्र मानू नये. काही टोळ्या एकमेकांशी लढल्या, काहींनी गावे लुटली. त्यांनी एक जपानी मारला तरी त्याची किंमत जवळच्या गावाला जीव देऊन मोजावी लागे.

हुकबलाहाप यांत कुठे बसतात?

वेगळे. मध्य लुझॉनच्या भातपट्ट्यातल्या कुळांची ही फौज २९ मार्च १९४२ रोजी उभी राहिली, प्रमुख लुईस तारुक. जपान्यांशी आणि त्यांना साथ देणाऱ्या जमीनदारांशी लढाई एकाच वेळी. पीक जपान्यांच्या हाती लागू न देणे हे त्यांचे मुख्य काम होते. युद्ध संपल्यावर जमीनदार परतले, हुकांची शस्त्रे काढून घेतली जाऊ लागली आणि त्यातून पुढचे बंड पेटले.

होसे लॉरेल देशद्रोही होते का?

याचे एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी जपानच्या छत्राखाली जे ‘प्रजासत्ताक’ जाहीर झाले त्याचे ते अध्यक्ष. नोव्हेंबर १९४३ मध्ये टोकियोच्या बृहत्तर पूर्व आशिया परिषदेत ते होते आणि निरीक्षक म्हणून सुभाषचंद्र बोसही होते. जपानशी करार त्यांनी केला, सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेविरुद्ध युद्धस्थितीही जाहीर केली. पण फिलिपिनो तरुणांची सक्तीची सैन्यभरती त्यांनी होऊ दिली नाही. जपान्यांनी मग डिसेंबर १९४४ मध्ये ‘माकापिली’ ही वेगळी सशस्त्र संघटना काढली. तिच्यातल्या लोकांना माफी द्यायला आजही कोणी तयार नसते.

युद्धानंतर जपान्यांना साथ दिल्याबद्दल खास न्यायालयात ५,००० हून अधिक खटले दाखल झाले. शिक्षा फार थोड्यांना झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये अध्यक्ष मान्युएल रोहास यांनी राजकीय-आर्थिक सहकार्य करणाऱ्यांना माफी दिली. स्वतः रोहास लॉरेल सरकारच्या तांदूळ संस्थेचे प्रमुख होते. मोठ्यांना माफी आणि झोन्यात मान हलवणाऱ्या किरकोळ खबऱ्यांना गावचा सूड, असा हा हिशेब राहिला. आमच्या मते तो न्याय्य नव्हता.

‘कम्फर्ट वुमन’ या शब्दाला आक्षेप का?

कारण तो शब्द अत्याचार करणाऱ्यांचा आहे. प्रत्यक्षात ती लैंगिक गुलामगिरी होती. १९९२ मध्ये मारिया रोसा हेन्सन पहिल्यांदा जाहीरपणे बोलल्या, मग इतर आज्या पुढे आल्या. फिलिपिन्समध्ये त्यांना आदराने ‘लोला’, म्हणजे आजी, म्हणतात. पांपांगातल्या मापानिके गावात २३ नोव्हेंबर १९४४ रोजी पुरुषांना मारून स्त्रियांना ‘लाल घरात’ नेले गेले. तिथल्या वाचलेल्या स्त्रियांच्या ‘मलाया लोलास’ या गटाच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या महिला भेदभावविरोधी समितीने २०२३ मध्ये निर्णय दिला : फिलिपिन्स सरकारनेच त्यांना वाऱ्यावर सोडले. मनिलाच्या रोहास बुलेव्हारवर डिसेंबर २०१७ मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये रातोरात काढला गेला.

मनिला इतके उद्ध्वस्त का झाले?

३ फेब्रुवारी ते ३ मार्च १९४५. यामाशिताने शहर सोडायचे ठरवले होते. रिअर ॲडमिरल इवाबुची यांच्या हाताखालच्या, मुख्यतः नौदलाच्या, सुमारे १६,००० माणसांनी शहरातच लढायचे ठरवले. पुलांचे सुरुंग, पेटवलेल्या इमारती आणि नागरिकांच्या कत्तली : दे ला साल कॉलेज, जर्मन क्लब, रेड क्रॉसची इमारत, बेव्ह्यू हॉटेल. पलीकडून अमेरिकी सैन्य आले. विमानातून बाँब टाकायला मॅकआर्थरने मनाई केली, पण तोफांवरचे निर्बंध लवकरच सैलावले. निर्वासितांनी भरलेल्या फिलिपिन जनरल हॉस्पिटलवरही गोळे पडले.

सुमारे १ लाख नागरिक मेले. त्यातले कत्तलीत किती आणि तोफगोळ्यांनी किती, यावर वाद आहे. आकड्यांचे वाटप काहीही असो, दोन्ही कारणे सांगितली पाहिजेत. इंत्रामुरोस या मनिलाच्या जुन्या भागाच्या तटाआतल्या चर्चपैकी फक्त सान अगुस्तिन उभे राहिले.

शिक्षा कोणाला झाल्या?

यामाशिताला २३ फेब्रुवारी १९४६ रोजी फाशी, होम्माला ३ एप्रिल १९४६ रोजी गोळ्या घालून मृत्युदंड. यामाशिताच्या खटल्यातून एक तत्त्व रूढ झाले : हाताखालच्यांनी केलेले अत्याचार रोखले नाहीत तर सेनापती जबाबदार. स्वतः हुकूम दिल्याचा पुरावा नसताना फाशी द्यावी का, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातच दोन न्यायमूर्तींनी विरोधी मत लिहिले.

जपानी नेत्यांवरच्या टोकियो युद्धगुन्हे खटल्यातले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल भारतीय वाचकांना माहीत असतात : सर्व आरोपी निर्दोष, असे त्यांचे मत. त्याच पीठावर फिलिपिन्सचे देल्फिन हारानिया होते. ते बातान डेथ मार्चमधून वाचलेले. त्यांनी पाल यांच्या मताला लेखी विरोध केला आणि काही शिक्षा सौम्य असल्याचे नोंदवले. पाल यांचे मत वाचणाऱ्याने हारानियांचेही वाचावे.

१९५३ मध्ये अध्यक्ष एल्पिदियो किरिनो यांनी फिलिपिन्सच्या तुरुंगातल्या शंभरावर जपानी युद्धगुन्हेगारांना माफी दिली. मनिलाच्या लढाईत किरिनोंची पत्नी आणि पाचांपैकी तीन मुले मारली गेली होती.

फिलिपिनो सैनिकांना अमेरिकेकडून काय मिळाले?

फेब्रुवारी १९४६ च्या रिसिजन कायद्याने त्यांची सेवा बहुतेक लाभांसाठी धरायचीच नाही असे ठरले, जरी ते अमेरिकी ध्वजाखाली लढले होते. २००९ मध्ये एकरकमी रक्कम मंजूर झाली : अमेरिकी नागरिकांना १५,००० डॉलर, इतरांना ९,०००. तोवर बहुतेक जण गेले होते.

एखाद्या गनिमाची नोंद कशी शोधायची?

युद्धानंतर सुमारे २,६०,००० जणांना गनिमी म्हणून मान्यता मिळाली. त्यांच्या पथकवार याद्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, गट ४०७ मधल्या ‘फिलिपिन आर्काइव्ह्ज कलेक्शन’मध्ये आहेत. बऱ्याचशा स्कॅन झाल्या आहेत. नावाने शोध सुरू केला की बहुतेक जण इथेच अडकतात. आधी प्रांत, मग गाव, मग पथकाचे नाव आणि शेवटी माणसाचे नाव, असा क्रम ठेवा. आडनावाची सगळी स्पेलिंगे करून पाहा, आईचे आडनाव मधले नाव म्हणून येते हे लक्षात ठेवा आणि टोपणनावाचीही शक्यता धरा. नाव सापडले नाही तर तो लढला नव्हता असा अर्थ होत नाही. खूप पथकांचे दावे नाकारले गेले आणि लाच देऊन घुसलेली खोटी नावेही याद्यांत आहेत.

प्रत्यक्ष पाहायचे तर कुठून सुरू करावे?

मनिलात एका दिवसात इंत्रामुरोस : फोर्ट सान्तियागो, सान अगुस्तिन आणि तिथून चालत पोचण्याजोगे ‘मेमोरारे’ हे मनिलातल्या मृत नागरिकांचे स्मारक. सान्तो तोमास विद्यापीठाची मुख्य इमारत परदेशी नागरिकांची छावणी होती. तागिगमधल्या अमेरिकी दफनभूमीत सुमारे १७,००० कबरी आणि बेपत्ता ३६,००० हून अधिक जणांची कोरलेली नावे आहेत, त्यांत फिलिपिनोही आहेत.

बातानसाठी दुसरा दिवस काढा. पिलार गावाजवळ समात डोंगरावर ९२ मीटर उंच क्रूस आहे. रस्त्याकडेला डेथ मार्चचे पांढरे किलोमीटर-दगड दिसतात, शून्याचा दगड मारिवेलेसला आणि दुसऱ्या रांगेसाठी बागाकलाही. ९ एप्रिलला तिथे सरकारी समारंभ असतो आणि रस्ते भरलेले असतात. दगडांजवळ निवांत थांबायचे असेल तर वेगळा दिवस निवडा आणि सकाळी लवकर निघा. एप्रिलच्या उन्हात त्या रस्त्यावर सावली फारशी नाही. पाणी सोबत ठेवा.